मानपान व घराण्यांचे वैर (बीड जिल्हा)

बीड जिल्ह्यातील वतनदार घराण्यांत, विशेषतः पाटील व देशमुखांत, मानाच्या क्रमावरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले तंटे आणि त्यांभोवती जमलेल्या आख्यायिका व रीतीभाती.

हा मुलूख दीर्घकाळ शिवेवरचा. १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे व निजाम यांच्या फौजा गोदाकाठी राक्षसभुवनला भिडल्या; १७९५ ची खर्ड्याची लढाईही जिल्ह्याच्या हद्दीलगतच झाली. मराठा सरदार दोन्हीकडे होते. निंबाळकरांची खर्ड्याची शाखा निजामाच्या पदरी, फलटणची सातारच्या गादीशी बांधलेली. पुढे हैदराबाद संस्थान आणि इंग्रजी अहमदनगर यांची हद्दही इथेच होती.

वैराचे मूळ मात्र बहुधा रणात नसे, भाऊबंदकीत असे. पाटीलकीचा हिस्सा विकला किंवा वाटला गेला की थोरली पाती आणि धाकटी पाती होई. जमीन मोजून वाटता येते. मानाचे तसे नाही. विडा आधी कोणाला, होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पुढे बैल कोणाचा? तडजोडीही तितक्याच बारीक: दोघांचे बैल बरोबरीने निघावेत, एकाचा उजव्या अंगाने, दुसऱ्याचा डाव्या. तेवढ्यानेही न भागल्यास गोतसभा (गावकरी व भाऊबंदांची न्यायसभा) बसे, महजर (निवाड्याचा लेख) होई. क्वचित उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य करावे लागे. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये खालसा झाल्या. पण पोळ्याच्या मानावरून बाचाबाची अजूनही होते.

तंट्यात पुराव्यादाखल मांडलेली घराण्याची हकिकत म्हणजे करीना. गाव कोणी वसवले, दगा कोणी केला, माहेरी निसटलेल्या कोणत्या गरोदर सुनेने वंश राखला, असा त्यातला मजकूर. घरातली आजी सांगते ती गोष्ट अनेकदा याच धाटणीची असते. करीना हे दावेदाराचे लेखन आहे, हे वाचताना विसरू नये. दगा नेहमी समोरच्यानेच केलेला असतो.

सोयरिकीतला मानपान उलटा करणारी एक रीत केज तालुक्यातील विडा गावी टिकून आहे. धुळवडीला गावच्या नव्या जावयाला गाढवावर बसवून वाजतगाजत मिरवतात. आनंदराव देशमुख यांच्या जावयापासून ही सुरुवात झाली, असे गावकरी सांगतात. सण जवळ आला की जावई गावातून सटकू पाहतात, म्हणून त्यांच्यावर आधीपासूनच पाळत असते. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपते आणि तिथे जावयाला कपड्यांचा आहेर होतो.