वृक्षाला चीवर

भिक्खूने सजीव वनस्पती तोडू नये, असा विनयपिटकात नियम आहे. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात निष्कारण वने जाळण्यास मनाई केली. हा वारसा विसाव्या शतकाच्या अखेरीस थायलंडमध्ये लोकचळवळीच्या रूपाने पुन्हा प्रकट झाला.

१९८८ साली तेथील नाम चोआन धरणाची योजना विद्यार्थी व ग्रामस्थांच्या विरोधामुळे स्थगित झाली. त्याच वर्षी दक्षिणेतील महापुराने व दरडींनी शेकडो बळी घेतले. जानेवारी १९८९ मध्ये शासनाने व्यापारी वृक्षतोड बंद केली. तरीही चोरटी तोड थांबेना. तेव्हा १९९१ मध्ये उत्तरेकडील नान प्रांतात भदंत पितक यांनी गावच्या वनातील एका महावृक्षाला काषाय चीवर नेसविले. वननाश म्हणजे 'जाति'चा नाश, अशा आशयाची पाटी त्यावर लावली. थाई भाषेत या शब्दाचे जन्म, जीवन व राष्ट्र असे अर्थ होतात.

हे कर्मकांड नव्हे काय, असा प्रश्न चिकित्सक उपासकाला पडेल. उपसंपदा मनुष्यालाच देता येते, हे त्या भिक्खूंनाही मान्य होते. चीवराने वृक्षाला दैवी सामर्थ्य आले नाही. कुऱ्हाड उचलणाऱ्याला मात्र क्षणभर थांबून विचार करावा लागला. अशा कार्याची किंमतही द्यावी लागली: बुरीराम प्रांतात वनरक्षणासाठी झगडणाऱ्या भदंत प्राचक यांना १९९१ मध्ये अटक झाली. सामूहिक वनांना मान्यता देणारा कायदा २०१९ मध्ये झाला. कायद्याच्या कितीतरी आधी तेथे शील जागे झाले होते.