घर दोघांचं, पण ‘पहिलं घर’ कोणाचं?

नवरा-बायको मिळून घर घेतात आणि एकाच्या नावावर आधीच घर असतं, तेव्हा सवलतीचा अर्ज भरताना एक जुनाच प्रश्न समोर येतो. लग्नानंतर कायद्याच्या नजरेत माणसं दोन की एक?

इंग्लंडचं उत्तर शतकानुशतकं ‘एक’ असंच होतं. लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. १८७० च्या कायद्यानं तिला स्वतःची कमाई राखता आली; स्वतःच्या नावानं मालमत्ता बाळगायचा पुरता हक्क १८८२ चा. हिंदुस्थानात १८७४ साली असा कायदा झाला, पण हिंदू आणि मुसलमान स्त्रिया त्यातून वगळलेल्या होत्या. मुसलमान बाईला या बाबतीत त्याची गरजही नव्हती. शरियतमध्ये निकाहानं तिचं काहीच नवऱ्याचं होत नाही. मेहर तिचा, माहेरचा हिस्सा तिचा, कमाईही तिची. हे किताबातलं झालं. भावाला हक्कसोडपत्र लिहून देणाऱ्या बहिणी आपल्याकडे घरोघरी आहेत, तो इतिहास वेगळा.

आजचं सरकार दोन्ही उत्तरं देतं. २०१५ च्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं असं धरलं जाई. त्यातल्या एकाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर असलं, की व्याजाचं अनुदान मिळत नसे. आयकराचं ८०-ईईए कलम मात्र एकेकट्या करदात्याकडे बघतं. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत जादा वजावट. घराच्या किमतीची मर्यादा होती, पण ‘आधी घर नको’ ही अट त्या करदात्यापुरतीच. जोडीदाराचा जुना फ्लॅट तिथं आड येत नाही. महाराष्ट्रात तर २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली!

मग हिशेब सुरू होतात. आमच्या स्टाफरूममध्ये एक सल्ला नेहमी कानावर येतो: “मॅडमच्या नावावर माहेरचं घर आहे ना? मग खरेदीखतात एकट्या सरांचंच नाव ठेवा.” एका सवलतीच्या आशेनं नाव गाळलं जातं आणि कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही मात्र मॅडमचीच असते.

मला इथं वारशाचं गणित मांडावंसं वाटतं. सूरह निसाप्रमाणे मुलं असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेतला आठवा हिस्सा मिळतो, तोही त्याचं कर्ज फिटल्यावर. घर एकट्या त्याच्या नावे असेल तर तिच्याकडे घराचा १/८ येतो. खरेदीखतात निम्मं तिच्या नावे असेल तर ते निम्मं वारशात येतच नाही, ते आधीपासून तिचंच. त्याच्या निम्म्याचा आठवा त्यात मिळवला की ९/१६ होतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त. वीस वर्षं हप्ता मात्र दोन्ही घरांत तिच्या पगारातून तेवढाच गेलेला असतो.