घरच्या कॉम्प्युटरवर गाणं करायचंय? आधी ठरवा : गळ्याचं की बीटचं, मग सॉफ्टवेअर निवडा

उमरखेड : राष्ट्रसंतांची खंजिरी भजनं, भीमगीतं, होळीला तांड्यावरची लेंगी... उमरखेड, महागाव, पुसद पट्ट्यात गाणाऱ्यांची कमी नाही. आता शिक्षणासाठी नाहीतर ऑनलाइन फॉर्म भरायला घेतलेला कॉम्प्युटरही बऱ्याच घरांत आला आहे. त्यावर गाणं तयार करता येतं का? येतं. पण सुरुवात बहुतेक जण उलटी करतात. डीजेवाला वापरतो तेच सॉफ्टवेअर कुठून तरी फुकटात मिळवायचं आणि मग आपल्याला भजन कसं रेकॉर्ड करायचं तेच कळत नाही म्हणून सोडून द्यायचं.

आधी एकच गोष्ट ठरवा. आवाज माईकमधून येणार आहे, की कॉम्प्युटरमध्येच तयार होणार आहे?

पेटी, ढोलकी, गळा असं खरं वाजणारं काही असेल तर 'ऑडॅसिटी'पासून सुरुवात करावी. हे सॉफ्टवेअर २००० सालापासून मोफत मिळतं. आधी ढोलकी रेकॉर्ड करायची, ती हेडफोनवर ऐकत वर आवाज टाकायचा, चुकलेला तुकडा कापायचा, एवढं त्यात आरामात होतं. पंख्याची घरघर आली तरी घाबरू नका. गाण्याआधी चार-पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसून नुसती शांतता रेकॉर्ड करावी. तो तुकडा 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून दिला की घरघर बरीच कमी होते. (तरी पंखा बंद केलेला केव्हाही बरा.)

बीट, सिंथ, डीजेचा ठेका बनवायचा असेल तर 'एलएमएमएस' बघा. हेही मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. अडचण एवढीच की त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत माईकवरून रेकॉर्डिंग होत नाही. म्हणून ठेका एलएमएमएसमध्ये करून त्याची 'वॅव्ह' फाइल काढायची आणि आवाज ऑडॅसिटीत चढवायचा. दोन्ही मिळून खर्च शून्य रुपये.

ठेका आणि आवाज एकाच जागी हवा असेल तर 'रीपर' आहे. फाइल अगदी लहान, मोबाईलच्या नेटवरही उतरते. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. सुरुवातीला बटणं पाहून डोकं गरगरतं, पण आठ-पंधरा दिवसांत हात बसतो.

आता पोरांच्या तोंडी असलेलं 'एफएल स्टुडिओ'. बेल्जियमच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर ठेक्यासाठी चांगलंच आहे, आणि एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. पण दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. मोफत ट्रायलमध्ये काम सेव्ह होतं, मात्र परवाना घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. आणि सगळ्यात स्वस्त 'फ्रूटी' आवृत्तीत माईकचं रेकॉर्डिंगच नाही. गाणाऱ्याने ती घेतली तर पैसे वाया.

म्हणूनच अनेक जण पेनड्राइव्हवरचं 'क्रॅक' टाकतात. ते टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, इथेच खरा धोका आहे. त्याच कॉम्प्युटरवर घरच्यांचं बँकेचं लॉगिन, आधार, सातबारा असतो. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मोफत चांगली सोय असताना ही जोखीम कशाला?

कॉम्प्युटर किती ताकदीचा हवा? ऑडॅसिटीला ४ जीबी रॅम चालून जाते. ठेका आणि बरेच ट्रॅक एकत्र असतील तर ८ जीबी बरी. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि गाणारा तालाच्या मागे पडतो. हलगी, ढोलकी माईकपासून लांब ठेवा. आवाजाची पट्टी लाल झाली की तो फाटलेला आवाज नंतर कशानेच नीट होत नाही. भिंतींवर गोधड्या टांगल्या तर खोलीचा घुमारा कमी होतो.

कॉम्प्युटरच नसेल तर मोबाईलवर 'बँडलॅब' मोफत आहे, फक्त इंटरनेट लागतं.

डेस्कटॉप असेल तर प्रत्येक टेकनंतर काम सेव्ह करा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. तयार गाण्याची मूळ वॅव्ह फाइल जपून ठेवा. तिला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. एमपी३ वाटण्यापुरती काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.