आप्तवाक्य आणि आशा : एका उपचाराचा इतिहास

श्रोतेहो, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. तरी आजचा विषय आमचाच आहे. न्यायदर्शनातलं चौथं प्रमाण म्हणजे आप्तवाक्य, विश्वासू जाणकाराचा शब्द. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातलग. आजारपणात दोन्ही आप्त एकाच खाटेशी उभे असतात.

नाशिकरोडहून फायली घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी माणसं आपण पाहतोच. तिथेच मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलीला भावाची मज्जा दिली. अशा उपचारात दात्याच्या पेशी उरलेल्या कर्कपेशींना परक्या समजून मारतात. म्हणजे प्रत्यारोपण हीच एक प्रतिकारचिकित्सा, बरं का!

पसरलेल्या स्तनकर्करोगात वेगळं होतं. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून गोठवायच्या, केमोथेरपीचा जबर डोस द्यायचा आणि पेशी परत सोडायच्या. मज्जा सावरते, पण आपल्याच पेशी कर्करोगाला परका कशा मानतील? म्हणून नंतर इंटरल्यूकिन-२ सारखी औषधं देऊन प्रतिकारशक्ती जागवण्याचे प्रयोग झाले. विचार चांगला होता, पण पायाच तपासलेला नव्हता. जबर डोस नेहमीच्या उपचाराहून सरस आहे का? अमेरिकेत हजारो स्त्रियांनी तो घेतला. विमा कंपन्यांना कोर्टात खेचलं गेलं. तुलनेच्या चाचणीला मात्र रुग्ण मिळेनात, कारण जुना उपचार वाट्याला यावा असं कुणाला वाटेल?

अखेर मे १९९९ मध्ये अटलांटाच्या परिषदेत पाच चाचण्या मांडल्या गेल्या. ठळक यश एकाच चाचणीत होतं, योहानेसबर्गच्या डॉ. बेझवोडांच्या. पुढच्या जानेवारीत तपासणी पथक तिथे गेलं, तर कित्येक रुग्णांच्या नोंदीच सापडेनात. बेझवोडांनी गैरवर्तन कबूल केलं, विद्यापीठाने त्यांना काढलं. एप्रिल २००० मध्ये अमेरिकी चाचणीचा निष्कर्ष छापून आला : पसरलेल्या रोगात आयुष्य वाढत नाही. तोवर अनेकींनी यातना सोसल्या होत्या. काही तर उपचारानेच गेल्या.

एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या आयआयटीत राष्ट्रपतींच्या हस्ते देशी कार-टी उपचाराचं लोकार्पण झालं. आनंदच आहे. पण तो काही रक्तकर्करोगांसाठी आहे, स्तनाच्या नव्हे. उद्या कुणी नवं नाव सुचवलं, तर आपण नम्रपणे एवढंच विचारावं, ‘डॉक्टर, तुलना कशाशी केली, आणि नोंदी कुणी तपासल्या?’ हा अविश्वास नव्हे. आप्ताला आप्त ठरवण्याची ती रीतच आहे.