आधी गणित, मग थेंब : लसचाचणीचा आराखडा कसा तपासतात?

केंदूर ज्या शिरूर तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य कार्यक्रम चालतो. 'रोटाव्हॅक' या भारतीय लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरच्या संस्थांसोबत हे संशोधन केंद्रही सहभागी होते. रोटाव्हायरसमुळे बाळांना होणारे तीव्र जुलाब ही तोंडावाटे द्यायची लस किती रोखते, हे पाहायचे होते. २०११ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत ६,७९९ बाळे होती.

एवढी बाळे कशासाठी? उत्तर आराखड्याच्या सांख्यिकी तपासणीत आहे.

संख्या कशी ठरते?

समजा, लस न घेतलेल्या १०० पैकी २ बाळांना तीव्र जुलाब होतात आणि लस हे प्रमाण निम्म्यावर आणते. दोन्ही गटांत २००-२०० बाळे घेतली, तर एकीकडे साधारण ४ आणि दुसरीकडे २ आजारी पडतील. एवढा फरक योगायोगानेही पडतो. तो खरा असल्यास पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी आणि खोट्या निष्कर्षाचा धोका ५ टक्क्यांवर जायला नको, तर प्रत्येक गटात सुमारे २,३०० बाळे लागतात. मध्येच गाव सोडणारी कुटुंबे धरून ही संख्या आणखी वाढवतात.

आणखी काय पाहतात?

• मुख्य निकष : तो आधीच ठरलेला हवा. रोटाव्हॅकच्या चाचणीत व्हेसिकारी गुणांकावर ११ किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र आजार, असे ठरले होते.

• गटवाटणी : कोणाला लस आणि कोणाला प्लासिबो, हे डॉक्टर किंवा पालक ठरवत नाहीत. या चाचणीत ४,५३२ बाळांना लस आणि २,२६७ बाळांना प्लासिबो मिळाला.

• गावनिहाय वाटणी : एका गावातील मुलांचे पाणी आणि दवाखाना बहुधा एकच असतो. म्हणून बाळांऐवजी गावे गटांत वाटली, तर संख्या वाढवावी लागते.

• नोंदणी : निकाल पाहून निकष बदलले, तर ते उघड व्हावे. म्हणून सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंद करतात. १५ जून २००९ पासून औषध चाचण्यांसाठी ती सक्तीची आहे.

आकडे वाचताना

२०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. लस गटात तीव्र आजाराच्या ७१ घटना, प्लासिबो गटात ७६. वरवर पाहता फरक नाहीच! पण लस गट दुप्पट मोठा होता. त्यामुळे वर्षाला दर १०० बाळांमागे प्रमाण सुमारे १.५ आणि ३.२ निघाले. परिणामकारकता ५३.६ टक्के आली आणि तिची ९५ टक्के विश्वास-मर्यादा ३५ ते ६६.९ टक्के होती. २०१६ मध्ये ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली.

चाचणी फारच लहान असती, तर हीच लस निरुपयोगी ठरू शकली असती. तरीही पालकांनी दिलेला वेळ आणि बाळांनी सोसलेला धोका तेवढाच राहिला असता. म्हणूनच नैतिकता समितीने परवानगी देताना 'संमती घेतली का?' याबरोबरच 'एवढ्या संख्येतून उत्तर मिळेल का?' हेही विचारायचे असते. सहभागासाठी विचारणा झाल्यास पालकही हा प्रश्न विचारू शकतात.