सिग्नलवरच्या रांगेचे गणित

सिग्नलच्या चौकातील वाहतुकीच्या गणिताला भक्कम पाया मिळाला तो 1958 मध्ये. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी त्या वर्षी वाहनांच्या सरासरी खोळंब्याचे सूत्र प्रसिद्ध केले. वाहने कधी झुंडीने येतात, तर कधी रस्ता रिकामा असतो. ही अनिश्चितता नुसत्या सिद्धान्तात पुरती मावेना, म्हणून वेबस्टर यांनी संगणकावर चौकाची नक्कल चालवली आणि तिच्या निकालांवरून सूत्रात दुरुस्तीचे तिसरे पद जोडले. सिद्धान्त आणि संगणक यांची ही सांगड हेच त्या कामाचे खरे मोठेपण.

त्यातूनच सिग्नलच्या आवर्तनाच्या, म्हणजे दिव्यांच्या एका पूर्ण फेरीच्या, लांबीचा नियम निघाला. एका आवर्तनात वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करायची, त्यात 5 मिळवायचे आणि चौकाच्या उरलेल्या क्षमतेने भागायचे. 10 सेकंद वाया जात असतील आणि 60 टक्के क्षमता वापरात असेल, तर आवर्तन 50 सेकंदांचे. वापर 80 टक्क्यांवर गेला की तेच 100 सेकंदांचे. वापर 100 टक्क्यांना भिडला की सूत्र निकामी होते आणि रांग वाढतच जाते.

अशा रांगेसाठी लाइटहिल आणि व्हिटम यांचा 1955 चा तरंगसिद्धान्त कामी आला: लाल दिवा लागताच थांबण्याची लाट मागे सरकते. 1994 मध्ये कार्लोस डागान्झो यांनी रस्त्याचे छोटे तुकडे कल्पून तो संगणकाला सोपा करून दिला. भारतीय चौकात मात्र दुचाकी, रिक्षा आणि बस लेन न पाळता खेटून उभ्या राहतात. त्यामुळे ही गणिते लावण्याआधी इथे प्रत्येक वाहन किती मोटारींच्या बरोबरीचे, हे ठरवावे लागते.