घराच्या छपरावर सौरऊर्जा : शासकीय अनुदान कोणाला, किती आणि कसे?

घरगुती सौर पॅनेलसाठी केंद्र शासन सध्या अधिकाधिक ७८,००० रुपयांचे अनुदान देते. १०० युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२५ साली त्यात आणखी भर घातली आहे. या योजनांविषयी आपल्या धर्मग्रामांतून बरीच विचारणा होत असते. ऐकीव माहिती व विक्रेत्यांच्या जाहिराती यांमुळे गैरसमजही पसरले आहेत. म्हणून योजनेचे स्वरूप, अर्जाची रीत आणि घ्यावयाची काळजी यांची माहिती येथे एकत्र देत आहोत. वसई धर्मप्रांतातील बहुतेक भाविक महावितरणचे ग्राहक असल्याने विवेचन प्रामुख्याने त्यांना समोर ठेवून केले आहे.

योजनेची पार्श्वभूमी

छपरावरील सौरऊर्जेला केंद्राचे साहाय्य ही नवी गोष्ट नाही. २०१९ साली मंजूर झालेल्या टप्प्यात ३ किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचास ४० टक्के अनुदान होते. ते मुख्यतः वीज वितरण कंपन्यांमार्फत मिळे. २०२२ साली राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले आणि ग्राहकास थेट अर्ज करता येऊ लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना’ जाहीर झाली. १ कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत ठरविण्यात आली आहे.

केंद्राचे अनुदान

पहिल्या २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये असा हिशेब आहे. म्हणजेच,

१ किलोवॉट : ३०,००० रुपये
२ किलोवॉट : ६०,००० रुपये
३ किलोवॉट व त्याहून अधिक : ७८,००० रुपये

यापुढे संच कितीही मोठा बसविला तरी अनुदान वाढत नाही. ही रक्कम ठरविताना केंद्राने पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ५०,००० रुपये व तिसऱ्यासाठी ४५,००० रुपये खर्च गृहीत धरला होता. बाजारातील दर पॅनेलचा प्रकार, सांगाड्याची उंची आणि छपराची अडचण यांप्रमाणे बदलतात. म्हणून दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रक घेणे हिताचे. सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रकात त्याचा लाभ दिला आहे किंवा नाही, हेही पाहावे.

गृहनिर्माण सोसायट्यांना जिन्यातील दिवे, पाण्याचा पंप, उद्वाहन अशा सामायिक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. चर्च, शाळा व इतर संस्थांच्या इमारती मात्र या योजनेत बसत नाहीत. ती केवळ निवासी ग्राहकांसाठी आहे.

राज्याची भर

महाराष्ट्र शासनाची ‘स्मार्ट’ नावाची योजना २०२५ साली आली. ती १ किलोवॉटच्या संचासाठी असून केंद्राच्या ३०,००० रुपयांशिवाय पुढीलप्रमाणे रक्कम देते.

दारिद्र्यरेषेखालील ग्राहक : १७,५०० रुपये
महिना १०० युनिटांहून कमी वापर असलेले सर्वसाधारण गटातील ग्राहक : १०,००० रुपये
तेवढाच वापर असलेले अनुसूचित जाती व जमातींचे ग्राहक : १५,००० रुपये

संचाची किंमत ५०,००० रुपये धरल्यास या तिन्ही गटांतील कुटुंबांना अनुक्रमे २,५००, १०,००० व ५,००० रुपयेच स्वतः भरावे लागतात. निधी मर्यादित असल्याने प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य आहे. पालघर जिल्ह्यातील आदिवासी ख्रिस्ती बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. जमातीचा वैध दाखला असलेल्याने या सवलतीसाठी निःसंकोच अर्ज करावा.

किती मोठा संच हवा?

आपल्याकडे १ किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिटांच्या आसपास वीज देतो. त्यासाठी साधारणतः १०० चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. केंद्राच्या मार्गदर्शनानुसार १५० युनिटांपर्यंत मासिक वापर असल्यास १ ते २, १५० ते ३०० युनिटांसाठी २ ते ३ आणि त्याहून अधिक वापरासाठी ३ किलोवॉटच्या पुढील संच योग्य ठरतो. गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून सरासरी काढावी. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून निर्णय घेऊ नये.

उदाहरणादाखल, महिन्याला सरासरी २४० युनिट वापरणाऱ्या कुटुंबास २ किलोवॉटचा संच पुरेसा होतो. वर दिलेल्या गृहीत खर्चाप्रमाणे त्याचे १ लाख रुपये होतात, ६०,००० अनुदान मिळते व ४०,००० रुपये पदरचे जातात. महाराष्ट्रात वापर वाढत जातो तसा युनिटचा दरही टप्प्याटप्प्याने चढतो. सौर विजेमुळे प्रथम हे वरचे महाग युनिट वाचतात. म्हणूनच अधिक वापर असलेल्या घराचा खर्च लवकर भरून निघतो, तर महिन्याला ५०-६० युनिट वापरणाऱ्या घराला राज्याची जादा मदत नसेल तर घाई करण्याचे कारण नाही.

‘मोफत वीज’ म्हणजे काय?

दिवसा घरात वापरून उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्री लागणारी वीज तेथून येते. दोन्ही बाजूंची मोजणी करणाऱ्या मीटरला नेट मीटर म्हणतात. बिल केवळ फरकाचे येते. एखाद्या महिन्यात जादा झालेले युनिट पुढील महिन्यांत वळते होतात आणि हा हिशेब आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्चला बंद होतो. जून ते सप्टेंबर आपल्या किनारपट्टीवर उत्पादन बरेच घटते. एप्रिल व मे महिन्यांत साठलेले युनिट त्या वेळी उपयोगी पडतात. म्हणून शक्य असल्यास संच उन्हाळ्यापूर्वी सुरू करावा.

दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. पहिली, बिल शून्य युनिटांचे आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. दुसरी, जाळ्याला जोडलेला साधा संच वीज गेली की बंद होतो, भर दुपारी ऊन असले तरीही. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला आपल्या छपरावरील विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही योजना केलेली असते. वीज खंडित झाली असता दिवे हवे असतील तर बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर लागतो. बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही.

अर्जाची रीत

१. पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय संकेतस्थळावर वीजग्राहक क्रमांक व मोबाइल क्रमांक देऊन नोंदणी करावी. नोंदणीसाठी कोणालाही पैसे देण्याची गरज नाही.
२. अर्ज भरून महावितरणची मान्यता घ्यावी. २०२४ साली बदललेल्या नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही.
३. संकेतस्थळावरील यादीतून नोंदणीकृत विक्रेता निवडून त्याच्याशी लेखी करार करावा. पाच वर्षांची देखभाल ही विक्रेत्याचीच जबाबदारी असते. करारात तिचा उल्लेख असावा.
४. संच बसल्यावर त्याचा तपशील भरून नेट मीटरसाठी अर्ज करावा.
५. महावितरणची पाहणी होऊन संच कार्यान्वित झाल्याचा दाखला निघाला की बँक खात्याचा तपशील भरावा. त्यानंतर साधारणतः ३० दिवसांत अनुदान थेट खात्यात जमा होते.

अनुदान काम पूर्ण झाल्यावर मिळते, आधी नव्हे. तोपर्यंतचा खर्च स्वतःला करावा लागतो. त्यासाठी ३ किलोवॉटपर्यंतच्या संचास राष्ट्रीयीकृत बँकांकडून तारणाविना, कमी व्याजाचे कर्ज मिळण्याची सोय योजनेत आहे. रेपो दराहून अर्धा टक्का अधिक असा हा दर २०२४ साली सुमारे ७ टक्के होता. अनुदान येताच ती रक्कम कर्जातच भरावी. इतर खर्चांत ती विरून गेल्यास हप्त्यांचा भार उरतो.

कागदपत्रांतील अडचणी

अर्ज अडकतात ते बहुतांशी तीन कारणांनी.

पहिले कारण मीटरवरील नाव. आपल्या गावांतून आजही अनेक घरांची बिले दिवंगत आजोबांच्या वा वडिलांच्या नावाने येतात. अनुदान ग्राहकाच्या नावे असल्याने आधी महावितरणकडे मृत्यूचा दाखला व वारसांच्या संमतीनिशी नावात बदल करून घ्यावा लागतो. ही संमती मागण्याच्या निमित्ताने भावंडांमधील जुने मतभेद वर येतात. विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच घरात बसून हा विषय मिटवावा. घर एक आणि चुली दोन असतील तर छपराचा कोणता भाग कोणाचा, हेही लिहून ठेवावे. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे, म्हणजे पुढच्या पिढीपर्यंत जाणारे आहे.

दुसरे कारण नावाचे स्पेलिंग. डिसोजा, रॉड्रिग्ज, आल्मेडा ही आडनावे आधारवर एका तऱ्हेने, बँकेत दुसऱ्या तऱ्हेने आणि बिलावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेली आढळतात. ती अगोदर जुळवून घ्यावीत.

तिसरे कारण पॅनेलचा प्रकार. अनुदानासाठी सौर घट व पॅनेल दोन्ही भारतात बनलेले असणे बंधनकारक आहे. स्वस्त म्हणून परदेशी पॅनेल घेतले तर अनुदान हातचे जाते. ‘तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही पाहतो’ असे म्हणणाऱ्यास मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक वा कोरा धनादेश देऊ नये.

छप्पर, खारा वारा आणि झाडे

मंगलोरी कौलांच्या घरावर पॅनेल बसविता येतात, पण वासे व रिपा तो भार आणि वाऱ्याचा ताण सोसतील का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात आपल्या भागातील छपरांचे काय झाले, याचा विसर पडू नये. समुद्राजवळच्या गावांत साधे लोखंड लवकर गंजते. सांगाडा जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा असावा. अर्थिंग व वीजरोधक यांत काटकसर करू नये. नारळाच्या झाडाखाली पॅनेल मुळीच बसवू नये. सावलीचा तोटा होतोच, शिवाय पडणारा नारळ काच फोडतो.

मात्र ऊन मिळावे म्हणून वाडीतील आंबा, फणस वा माड तोडणे आम्हांस योग्य वाटत नाही. निसर्गाची जपणूक म्हणून जे करावयाचे, त्याची सुरुवात कुऱ्हाडीने होऊ नये. सावली टाळता येत नसेल तर लहान संच घ्यावा किंवा विचार सोडून द्यावा. पंखे, दिवे व फ्रीज कमी वीज खाणारे घेणे हीदेखील सृष्टीची सेवाच आहे.

ख्रिस्तसभेची भूमिका

नोव्हेंबर २००८ मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकीर्दीत, व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौर पॅनेल कार्यान्वित झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्याच्या १७९व्या परिच्छेदात त्यांनी स्थानिक लोकांनी सहकारातून नूतनक्षम ऊर्जा निर्माण केल्याचा आदराने उल्लेख केला आहे. जून २०२४ मध्ये ‘बंधू सूर्य’ या अर्थाच्या शीर्षकाचा आदेश काढून त्यांनी रोमजवळील सांता मारिया दि गालेरिया येथे शेती व सौरऊर्जा एकत्र नांदतील असा प्रकल्प उभारण्यास सांगितले. या प्रकल्पासाठी जुलै २०२५ मध्ये, पोप लिओ चौदावे यांच्या काळात, इटलीशी करार झाला.

सहकार आपल्याला नवा नाही. बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ सालची आहे. एकमेकांच्या आधाराने उभे राहण्याची तीच वृत्ती येथे उपयोगी पडेल.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने देवाच्या निःपक्षपाती प्रेमासाठी सूर्याचाच दाखला दिला आहे. ऊन सर्वांच्या छपरावर सारखे पडते, अनुदान मात्र तसे पोहोचत नाही. ज्याच्यापाशी संगणक, जुळलेली कागदपत्रे आणि आरंभीचे पैसे आहेत त्याला ते सहज मिळते. एकटी राहणारी विधवा, मासेमारीवर वा रोजंदारीवर जगणारे कुटुंब, पाड्यावरील घर यांच्यासाठी सर्वाधिक मदत ठेवलेली असूनही ती त्यांच्यापासूनच सर्वांत दूर राहते. ही रक्कम कोणाची मेहेरबानी नव्हे. ती सर्वांच्या करांतून आलेली आहे आणि पात्र व्यक्तीचा तीवर हक्क आहे.

म्हणून आमची विनंती अशी की प्रत्येक धर्मग्रामातील दोन-तीन जाणत्या तरुणांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर बसून अशा कुटुंबांची बिले पाहावीत, नावातील बदलाचे अर्ज भरून द्यावेत आणि दरपत्रके वाचून दाखवावीत. सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना व लघु ख्रिस्ती समूहांना आपल्या विभागातील गरजू घरे ठाऊक असतातच. राज्य योजनेतील २,५०० रुपयांचा वाटाही ज्याला जड जातो, त्याच्यासाठी शेजाऱ्यांनी तो उचलणे अवघड नाही. स्वतःच्या छपरावर पॅनेल बसविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने अशा एका घराचा अर्ज पूर्ण होईपर्यंत त्याच्या पाठीशी राहावे.